तिसरा प्रश्न राहून गेला

संपादक म्हणाले, "बाई, हॉस्टेलमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, वाचक हसला पाहिजे." हसवते की! मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून इतकी वर्षं काढलेल्या बाईजवळ गमतींना काय तोटा? पण एक गोष्ट घशात अडकून बसलेली आहे, आणि ती काढल्याशिवाय बाकीच्या बाहेर येत नाहीत. ती हसायची नाही. दुपारी एकट्यानं वाचू नका, इतकंच आधी सांगून ठेवते.

रेक्टरचं काम काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, हातात किल्ल्या आणि तोंडात शिव्या. किल्ल्या होत्या, शिव्याही होत्या, खोटं कशाला बोलू. पण खरं काम म्हणजे दुसऱ्यांच्या लेकी अमानत म्हणून सांभाळणं. परभणी जिल्ह्यातलं आमचं विद्यापीठ, त्याचं नाव लिहीत नाही. आवार काळ्या मातीत पसरलेलं, मुलींचं हॉस्टेल एका टोकाला, मागं शेतं आणि एक जुनी विहीर. प्रवेशाच्या अर्जावर बाप, भाऊ, मामा यांचे फोटो चिकटवलेले असत. त्या फोटोतला माणूसच रविवारी अकरा ते एक मुलीला भेटू शकत असे. मी दारात बसून फोटो आणि तोंड ताडून बघायची. भल्याभल्या पाटलांना मी मिशा वाढल्या म्हणून परत पाठवलंय.

आणि दुसरं काम म्हणजे अंगात आलेल्या मुली. हसू नका. खेड्यातून आलेली सतरा-अठरा वर्षांची पोर, परीक्षा जवळ आली, घरून लग्नाचं पत्र आलं, की भर दुपारी केस सोडून घुमायला लागायची. एक घुमली की शेजारच्या दोन. देवीचं असलं तर लोक पाया पडतात. पण 'बाहेरचं' असलं, म्हणजे मेलेल्या कुणाचं, तर ते उतरवायची एक रीत आहे. आमच्या भागात घराघरात ठाऊक असते. तीन प्रश्न विचारतात. तू कोण? तुला काय पाहिजे? आणि मग, जातेस कधी, खूण काय देतेस? तिसऱ्याचं उत्तर आलं, लिंबू कापलं, की पोर मोकळी.

माझ्या हॉस्टेलमध्ये मी पहिलाच प्रश्न विचारू देत नसे. माझा नियम होता: तांब्याभर गार पाणी तोंडावर, दारं-खिडक्या उघड्या, लिंबाचं सरबत, आणि कुणीही 'तू कोण' म्हणायचं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि एकदा आलेलं उत्तर मग परत पाठवता येत नाही. जिंतूरकडची एक मुलगी तर अंगात येऊन खणखणीत आवाजात म्हणाली होती, "वरण पातळ हाय! वरण पातळ हाय!" मी पाणी मारलं आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जाऊन वरणही बघितलं. पातळच होतं.

मी या गोष्टींना भूत कधीच म्हटलं नाही. तोंडानं बोलता येत नाही ते पोरी अंगात आणून बोलतात, असं माझं पक्कं मत होतं. मोठी शहाणी होते मी तेव्हा.

कमल आणि सिंधू चौदा नंबरच्या खोलीत राहायच्या. कमल सोनपेठकडची, बागायती घरातली, हसताना तोंडावर पदर घेणारी. सिंधू पूर्णेच्या बाजूची, घरात मेंढरं, उन्हानं रापलेली, बोलायला फटकळ. एकदा तपासणीला गेले तर दोन खाटा आणि मच्छरदाणी एकच. आमच्याकडचे डास म्हणजे माणसाला उचलून नेतील. मी विचारलं, "सिंधू, तुझी मच्छरदाणी कुठाय गं?"

"फाटली, बाई."

ट्रंकेचं झाकण उघडंच होतं. आत मच्छरदाणी घडी करून ठेवलेली, दुकानातून आणल्यापासून उलगडली नसावी. कमलचा चेहरा पांढराफटक पडला. मी झाकण लावलं आणि वहीत खोली चौदापुढं 'ठीक' असं लिहिलं. बाहेर व्हरांड्यात आले. भीती वाटली त्यांच्यासाठी, आणि हेवाही वाटला. आता या वयात कुणाला लपवायचं?

आता या गोष्टीला शब्द आहेत म्हणे. माझी भाची सांगते, कॉलेजांतून मंडळं असतात, पत्रकं असतात. आमच्याकडं शब्द नव्हता. शिवीसुद्धा धड नव्हती. माझ्याजवळ एक वाचनाची खोली होती, हॉस्टेलच्या फाटकाबाहेर. रविवारी भेटीची वेळ संपली की मी ती उघडी ठेवायची. कमल-सिंधू यायच्या. हळूहळू आणखी तिघीचौघी यायला लागल्या. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा पेपर वाचायच्या निमित्तानं यायचा, त्याचा मित्र त्याला सोबत म्हणून यायचा आणि दारात बसून राहायचा, कुणी आलं तर खोकायला. मी चहा द्यायची. कुणी काही विचारत नसे. पण त्या खोलीत पोरांचे खांदे खाली यायचे, हे मला दिसायचं.

मग निनावी पत्र आलं. 'चौदा नंबरमध्ये काय चालतं ते बघा.' वरच्या साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, दोघींच्या खोल्या बदला. ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. कधी बंद, कधी मोर्चा, कधी एसटीच्या काचा फुटलेल्या. कुठल्या जातीच्या पोरीला कुणाशेजारी ठेवलं, यावरसुद्धा गावातून माणसं विचारायला यायची. मी तोंड गंभीर करून म्हटलं, "साहेब, या दिवसांत मुलींच्या खोल्या हलवल्या तर बाहेर भलताच अर्थ निघेल. मी जबाबदारी घेणार नाही." साहेब घाबरले. एवढ्या मोठ्या लढ्याचा मी असा चोरटा वापर केला. त्याची थोडी लाज आहे, पण पश्चात्ताप नाही.

मात्र पत्राची नक्कल सोनपेठकडंही गेली असावी. कमलच्या वडिलांचं कार्ड आलं: रविवारी येतो, सामान बांधून ठेवणे, सोयरीक जमली आहे.

शनिवारी सकाळी कमल माझ्या ऑफिसात आली. रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "बाई, आमची गाडी दारात यायच्या आधी मी मागच्या विहिरीत जाईन. सिंधीला सांगू नका. ती उडी टाकंल माझ्यामागं."

मी तिला दटावलं, जवळ घेतलं, पाणी पाजलं. तिच्या बापाशी बोलून उपयोग नव्हता, तो पोरीचं ऐकणारा नव्हता आणि रेक्टरचं तर नाहीच. मग मला माझी अक्कल सुचली. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "कमल, अंगात आल्याचं करशील?"

"सोंग, बाई?" ती म्हणाली.

म्हटलं, "तुझं ते ऐकणार नाहीत. पण बाहेरच्याचं ऐकतील. कोण म्हणून विचारलं की म्हणायचं, मी या जागेची. काय पाहिजे म्हणून विचारलं की म्हणायचं, हिचं लग्न लावू नका. आणि तिसरं म्हणायचं, हिला सिंधूजवळ ठेवा. बस्स. तीन वाक्यं. पाठ कर." शाळेत उतारा पाठ करून घ्यावा तसं मी तिच्याकडून घोटून घेतलं. वीस वर्षं जे मी पाण्यानं विझवलं, तेच त्या दिवशी माझ्या हातानं पेटवत होते.

रविवारी बरोबर बाराला ते आले. वडील, आई आणि मामा. चैताचं ऊन, आवारात चिटपाखरू नव्हतं. भेटीच्या खोलीत पंखा बंद, वीज गेलेली. सिंधू व्हरांड्यात खांबाला धरून उभी. कमल आली, आईच्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. अंबाडा सुटला. मला वाटलं, पोर छान करतेय.

वडिलांनी कपाळावरचा घाम पुसला. "कोन हायेस तू? कुठली?"

"हितलीच. ह्या जागेची."

"काय पायजे तुला?"

"हिला न्यायचं न्हाई. हिचं लगीन लावायचं न्हाई. लावलंस तर हळदीतच उचलीन." हे 'हळदीत उचलीन' मी शिकवलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, वा!

बाप गुडघ्यावर आला. एवढा उंचापुरा माणूस. "मंग काय करू? सांग, करतो."

"सिंधीपाशी ठिव. तिच्या हातचं खाऊ दे. मंग मी गप बसते."

त्यानं डोक्याचा पटका काढून जमिनीवर ठेवला. "दिला सबुद. तिचं लगीन लावनार न्हाई. जित्ता हाये तवर न्हाई." आई भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती.

काम झालं होतं. पण रीत म्हणजे रीत. मामा जाणता होता, तो पुढं सरकला आणि म्हणाला, "सबुद भेटला न्हवं तुला? मंग आता जातीस कदी? खून काय देतीस?"

तिसऱ्या प्रश्नाचं मी काही ठरवलंच नव्हतं. माझ्या हॉस्टेलमध्ये गोष्ट तिथवर कधी जातच नसे. मी कमलकडं बघितलं. म्हटलं, आता ही काय बोलेल?

कमलनं मान वळवली. हळूहळू, केसांच्या आडून, सरळ माझ्याकडं. तिचे डोळे मला ओळखत होते, पण कमल ओळखायची तसे नाही. आणि ती बोलली. आवाज खालच्या पट्टीतला, शुद्ध, थोडा नाकात. सोनपेठचा त्यात मागमूस नव्हता.

"चिमणे, पिंगळीला मी तीन गाड्या सोडल्या गं."

पुढचं मला नीट आठवत नाही. कोपऱ्यातला तांब्या मी उचलला आणि सगळं पाणी तिच्या तोंडावर फेकलं. कमल खाली कोसळली. सिंधू धावत आत आली. मामा माझ्याकडं बघून सावकाश म्हणाला, "बाई, आर्ध्यात तोडलं तुमी. जातो म्हनायच्या आदी पानी मारलं. आता ते आतच बसलं."

ते तिघे तिला न घेता गेले. फाटकापर्यंत आई तीनदा मागं वळली.

आता चिमणी कोण, ते सांगते. चिमणी मी. त्या नावानं मला जगात एकाच माणसानं हाक मारली. अध्यापिका विद्यालयात माझ्या शेजारी बसणारी वत्सला. आम्ही दोघींनी हैदराबादला जायचं ठरवलं होतं, तिथं तिला शाळेत नोकरी मिळत होती, मलाही मिळाली असती. परभणीच्या स्टेशनवर माझ्या वडिलांना हमालसुद्धा ओळखत, म्हणून पिंगळीच्या लहान स्टेशनवर भेटायचं ठरलं. सकाळी माझी पिशवी भरलेली होती. आईनं ती बघितली. सूप पुढ्यात ठेवून म्हणाली, तांदूळ निवड. मी निवडत बसले. दुपार झाली तरी निवडतच होते. महिन्याभरात माझं लग्न झालं, चोविसाव्या वर्षी विधवा झाले, मग ही नोकरी. वत्सला हैदराबादला एकटीच गेली आणि दोन वर्षांनी तापानं वारली, असं उडत उडत कानावर आलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, डायरीलाही नाही. आणि त्या दिवशी वत्सलानं किती गाड्या सोडल्या, हे तर मलाच माहीत नव्हतं.

मी कमलला कधी विचारलं नाही. ती शुद्धीवर आल्यावर सिंधूच्या मांडीवर डोकं ठेवून मला म्हणाली, "बाई, बरं केलं का मी?" मी म्हटलं, "छान केलंस." विचारायची छाती झाली नाही. कुणी म्हणेल, तुम्हीच कधी झोपेत बडबडला असाल. म्हणा. एवढंच सांगते, त्या रविवारनंतर माझ्या निवृत्तीपर्यंत त्या हॉस्टेलमध्ये एकाही मुलीच्या अंगात आलं नाही. एकाही. दुपारी बाराच्या सुमाराला चौदा नंबरच्या बाजूनं कुणी सावकाश चालत गेल्यासारखं वाटायचं. पोरी म्हणायच्या, बाई, कोण आहे? मी म्हणायची, आपलंच आहे कुणीतरी, अभ्यास करा.

बापानं शब्द पाळला. पोरीला दिलेला शब्द त्यानं दुसऱ्या दिवशी मोडला असता. भुताला दिलेला मोडायची त्याची ताकद नव्हती. कमल शिकली, सिंधू शिकली. पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरांपलीकडं दोघींनी खोली घेतली. कमल शाळेत लागली, सिंधू रोपवाटिकेत. शेजारपाजारच्यांना सांगितलं, मावसबहिणी आहोत. मला वाटलं, चला, एक काम तरी धड झालं हातून.

कसलं धड! दिवाळीला कमल माहेरी गेली तर तिचं ताट वेगळं. दारावर लिंबू-मिरच्या. भावाला मुलगा झाला, ती बाळ घ्यायला वाकली तर वहिनीनं किंचाळून पोर उचललं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. आई तिच्याशी बोलायची ती दाराआडून, खाली मान घालून, आणि 'अहो' म्हणायची. पोटच्या पोरीला 'अहो'! कारण त्यांच्या लेखी ती कमल नव्हतीच. ते आत बसलेलं होतं, आणि ते तिथं बसवलं होतं मी, एका तांब्याभर पाण्यानं.

मी पूर्णेला गेले तेव्हा कमलनं हे सगळं भाकरी थापता थापता सांगितलं. मी रडले. म्हटलं, "पोरी, एकदा घुमून घे आणि 'जाते' म्हणून टाक. होशील मोकळी."

सिंधूच उसळली. "मोकळी काय, बाई? ते गेलं तर सबुद बी गेला. लगेच पोरगं बघतील."

खरं होतं. भूत राहिलं तर आई नाही, भूत गेलं तर सिंधू नाही. असा फास मी माझ्या हुशारीनं वळून ठेवला होता. कमल म्हणाली, "जाऊ द्या, बाई. मी निवडलंय." आणि तव्यावरची भाकरी उलटली. पण ती करपली होती.

त्या रविवारपासून सात वर्षं अशीच गेली. बाप वारला. त्यानंतर साधारण वर्षानं, सकाळच्या वेळी, माझ्या ऑफिसच्या दारात एक म्हातारी बाई उभी. कमलची आई. सोनपेठहून पहिल्या एसटीनं एकटीच आलेली, पायात धूळ. म्हणाली, "बाई, मला तिच्या घरला न्या. रस्ता ठाव न्हाई मला. कुनाला सांगून आले न्हाई."

मी वाटेत एकदा धीर करून म्हटलं, "काकू, तुम्हाला एक खरं सांगायचंय. त्या दिवशी जे झालं ना..."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "नगा सांगू, बाई. मला जे करायचंय ते मला करू द्या." आणि पूर्णा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिला किती कळलेलं होतं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

सिंधूनं दार उघडलं. मागं कमल होती. आईला बघून ती सवयीनं चार पावलं मागं सरली, भिंतीपर्यंत. म्हातारी उंबरा ओलांडून आत आली, तिच्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात जोडले. कमलला नाही, कमलच्या आत जे होतं त्याला.

"बाई," ती म्हणाली, "तू जी कोन आसशील ती. आठ वर्सं माजी लेक तू संबाळलीस. जिती ठिवलीस. नगं त्या घरात जाऊ दिली न्हाईस. तुजं लय उपकार हायेत. मी तुला जा म्हनत न्हाई. ऱ्हा, खुशाल ऱ्हा. पर थोडा येळ बाजूला सर, माय. मला माज्या लेकीला बघू दे."

सिंधूनं माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं, आता कमल सांगून टाकेल की ते सोंग होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले, आणि उघडले.

"माय," ती म्हणाली.

म्हातारीनं दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं, गालांवरून, कपाळावरून, केसांवरून हात फिरवला. "आलीस का गं?"

"आले."

"इतकी वर्सं कुठं व्हतीस माजे बाय?"

कमलनं आईच्या खांद्यावरून सिंधूकडं बघितलं.

"हितंच व्हते, माय," ती म्हणाली. "सुखात व्हते."